गोमाजीची शोकसभा

चेतना गायकवाड दात बनवते. घाटकोपर पूर्वेला एका जुन्या इमारतीच्या तळमजल्यावर लॅब आहे. डॉक्टर लोक तोंडाची मापं पाठवतात, ती त्यांत डेंटल स्टोन, म्हणजे पिवळसर कडक प्लास्टर, ओतते, आणि तो घट्ट झाला की कुणाचा तरी जबडा तिच्या टेबलावर येऊन बसतो. त्या जबड्याला नाव नसतं, आवाज नसतो. तिने घडवलेल्या दातांनी माणसं हसतात, भांडतात, पेरू खातात, खोटं बोलतात. त्यातलं एकही तोंड तिने पाहिलेलं नाही. दात बसला तर डॉक्टर गप्प असतात. नाही बसला तर फोन येतो. वीस वर्षांच्या नोकरीत तिला कौतुक म्हणून जे मिळालं ते बहुतेक असं, शांततेच्या रूपात.

एकदा एका डॉक्टरने मापांच्या खोक्यातून एक चिमुकला माणूस पाठवला. बोटाच्या दोन पेरांएवढा, धातूचा. पाठीवर बोजा, डोक्याला मुंडासं, कमरेला वेगळी चिकटवलेली सुरी, आणि उजवा हात खांद्यापासून तुटलेला. डॉक्टर फोनवर हसत म्हणाले, "पेशंट विचारतोय, हा दुरुस्त होईल का?" चेतनाने कवळीची तार वाकवून हाड केलं आणि हिरड्यांसाठी वापरतात ते गुलाबी ॲक्रिलिक त्यावर चढवून हात घडवला. कोपर कोरलं, बोटंसुद्धा वेगळी केली. न्यायला मिहीर आला. तिशीतला, चष्मेवाला, घाईत बोलणारा.

"माझा नाही हं हा. मित्राचा आहे. तो लाजतो."

मित्र बाहेर रस्त्यावर स्कूटरला टेकून उभा होता आणि दुसरीकडे बघत होता. तो यज्ञेश.

"कोण आहे हा?" चेतनाने माणसाकडे बोट दाखवून विचारलं.

"हमाल. गोमाजी. आम्ही टेबलावर लढाईचा खेळ खेळतो, त्यात भुतांच्या शहरात टोळीचं सामान वाहतो."

"आणि मेला तर?"

"मेला तर मेला. परत येत नाही."

तिला ते लागलं. तिने पाहिलेल्या सगळ्या खेळांत मेलेले परत येत. कॅरमच्या सोंगट्या पुन्हा मांडता येतात, बुद्धिबळातला राजा दुसऱ्या डावात ताजातवाना उभा असतो. इथे मेलेला मेलेलाच राहतो आणि बाकीच्यांना त्याच्यावाचून पुढे खेळावं लागतं. पुढच्या रविवारी ती बघायला गेली, आणि मग जातच राहिली.

खेळ मुलुंड पूर्वेला एका कोचिंग क्लासच्या खोलीत चाले. रविवारी दुपारी क्लास बंद असे आणि खोलीची चावी अण्णांकडे. अण्णा बँकेतून निवृत्त झालेले, मुलुंडचेच जुने रहिवासी. नातू शिकायला परदेशी गेला, त्याची खेळातली धातूची माणसं कपाटात राहिली. ती धूळ खात बसलेली बघवेनात म्हणून अण्णांनी त्यांचं सेनापतिपद घेतलं होतं. त्यांच्या हाताला कंप होता. चहाचा कप ते दोन्ही हातांनी धरत आणि फासा टाकताना म्हणत, "माझा फासा हातातच खुळखुळतो, मला वेगळा हलवावा लागत नाही."

चार बाकं जोडून टेबल होई. त्यावर हिरवं कापड, त्यावर उद्ध्वस्त शहर. शहर बहुतेक अण्णांच्या घरच्या गणपतीच्या जुन्या मखरांचं बनलं होतं. थर्माकोलचे खांब, कमानी, अर्धी तुटलेली महिरप. चेतनाने त्यांना राखाडी रंग दिला, भेगा पाडल्या, वर शेवाळ चढवलं. तिनेच त्या शहराला खारपूर नाव ठेवलं. मुलुंडच्या मागच्या मिठागरांसारखं, खाडीत अर्धं बुडालेलं, भरतीला रस्ते गिळणारं शहर. तिथे मिठात जपलेली भुतं राहतात आणि जिवंत टोळ्या जुन्या खजिन्यासाठी एकमेकींवर तुटून पडतात. फळ्यावर खारपूरचा नकाशा खडूने काढलेला असे, आणि त्याच्या डोक्यावर क्लासचीच पाटी, 'मोबाईल बंद ठेवा'.

अशा खेळाची एक मोहीम महिनोन् महिने चालते. प्रत्येकाची एकेक टोळी. अंतरं टेपने मोजायची, घाव लागला की नाही ते फाशाने ठरवायचं. लढाईगणिक माणसं शिकतात, जखमी होतात, लंगडतात. चालवणारा एक लागतो, आणि त्याची स्वतःची टोळी नसते. कुणाची लढाई कुणाशी, कुठल्या गल्लीत, कशा हवेत, हे तो ठरवतो, आणि भांडण झालं की त्याचा शब्द शेवटचा. ते काम चेतनाकडे आलं. आयुष्यात पहिल्यांदा ती बोलली की तीन माणसं थांबून ऐकत होती. तिने हे कुणाला सांगितलं नाही, पण आठवडा त्याच्याभोवती फिरू लागला. सोमवार ते शनिवार मुके जबडे, आणि रविवारी बोलणारी तोंडं.

पहिल्याच मोहिमेत मिहीरचा एक तिरंदाज मेला, तेव्हा अण्णा सवयीने उठून उभे राहिले. बँकेच्या युनियनमध्ये त्यांनी आयुष्यभर शोकसभा चालवल्या होत्या. "दिवंगत तिरंदाजाच्या आत्म्यास शांती लाभो. दोन मिनिटं स्तब्ध उभे राहू या." सगळे हसले, पण उभे राहिले. उभं राहिल्यावर मात्र कुणी हसेना. चेतनाने त्याचा नियम करून टाकला आणि वर एक कलम जोडलं. मेलेल्याविषयी आधी बोलायचं ते मारणाऱ्याने. दोन मिनिटं, उभं राहून, आणि चांगलं. ते झाल्याशिवाय मेलेल्याचं हत्यार त्याला मिळणार नाही.

"ही शिक्षा आहे," मिहीर म्हणाला होता.

"लढाई आहे रे बाबा," अण्णा म्हणाले, "माणूस मारलास तर त्याची ओळख तरी करून घे."

मेलेल्यासाठी चेतना लॅबमध्ये उरलेल्या स्टोनचा छोटा चौथरा ओतून आणी. खोलीच्या खिडकीत असे चौथरे ओळीने मांडलेले होते.

घरी आई, सोनूबाई, दार उघडताना विचारी, "आज कोन गेलं?" बुलढाण्याहून येऊन मुंबईत चाळीस वर्षं काढली तरी तिचा 'न' तिकडचाच राहिला होता. चेतना सांगे, अमका गेला, तमका गेला. सोनूबाई पुढचं विचारी, "आन् बोललं का कोनी धड?"

मग मिहीर आणि यज्ञेशचं बोलणं बंद झालं.

दोघं एकाच इमारतीत वाढलेले. इमारत पुनर्विकासाला निघाली. मिहीर सोसायटीचा सेक्रेटरी. सगळ्यांच्या सह्या झाल्या, एकट्या यज्ञेशची राहिली. करारातलं एक कलम त्याला पटत नव्हतं. तो तसा मुखदुर्बळ माणूस, का पटत नाही हेही त्याने कधी नीट सांगितलं नाही. 'नाही' एवढंच म्हणत राहिला. शेवटी भर सभेत मिहीर बोलला, "एका माणसाच्या हट्टापायी सगळी बिल्डिंग टेकूवर उभी आहे." लोकांनी टाळ्या वाजवल्या. यज्ञेश उठून गेला.

खेळ मात्र दोघांपैकी कुणीच सोडला नाही. "मी का सोडू?" असं दोघांनीही चेतनाला वेगवेगळं विचारलं. मग ते तिच्यातर्फे बोलू लागले.

"चेतना, त्याला सांग, त्याचा माणूस भिंतीआड आहे, मला दिसत नाही."

"यज्ञेश, तुझा माणूस भिंतीआड आहे."

"ऐकलं मी. त्याला म्हणावं, टेप लाव."

"मिहीर, टेप लाव."

"अरे, मधे खाडी आहे का तुमच्या?" अण्णा ओरडत. "दोघं बहिरे झालात? का मेलात?"

चेतना हसे, पण तिला भीती बसली होती. हे दोघं टेबलावर समोरासमोर आले की काहीतरी फुटणार. एक उठून जाईल, मग दुसरा. अण्णा एकटे किती दिवस चावी घेऊन येतील? खोली पुन्हा नुसता क्लास होईल आणि रविवारही मुका होईल. म्हणून तिने त्या दोघांची लढाई लावलीच नाही. त्यांची पाळी आली की खारपूरला भरती येई, पूल पाण्याखाली जाई, भुतांचा सण निघे.

"तुझ्या खारपूरला फार भरत्या येतात हो, चेतनाबाई," अण्णा तिला जिन्यात म्हणाले. "आमच्या खाडीला ओहोटी तरी असते."

लॅबमध्ये दात उंच झाला तर ती दातांमध्ये रंगीत कागद धरून बघे, कुठे लागतोय ते, आणि तेवढाच घासून काढी. या दोघांचंही ती तसंच करत होती. जिथे लागेल तिथे घासायचं. पण घासत गेलं तर शेवटी दाताला दात लागतच नाही आणि माणसाला चावता येत नाही, हे ती रोज डॉक्टरांना फोनवर सांगत होती.

मोहीम संपत आली. बाकी सगळ्यांच्या लढाया झाल्या होत्या, ही एकच उरली होती. आणखी भरती आणली असती तर खारपूर बुडालंच असतं. तिने फळ्यावर खडूने लिहिलं, 'मिठाचा पूल. मिहीर, यज्ञेश.'

त्या रविवारी दोघंही वेळेआधी आले आणि खोलीच्या दोन टोकांना बसून आपापली माणसं काढत राहिले. खेळ सुरू झाला तो फक्त आकड्यांत. चार. पाच. लागला. नाही लागला. इतक्या शांततेत त्या टेबलावर कधी कुणी कुणाला मारलं नव्हतं.

यज्ञेशची टोळी मागे हटत होती. खजिना तिच्या हाती आला होता, पण पुलाच्या या टोकाला मिहीरची माणसं चढत होती. यज्ञेशने बाकी सगळ्यांना पलीकडे काढलं आणि पुलाच्या मधोमध गोमाजीला ठेवलं. तोच तो, गुलाबी हाताचा. आता त्याच्यावर रंग होता, पण कोपरावरून तो उडाला होता आणि तिथे हिरडी दिसत होती. पहिल्या मोहिमेपासून जगलेला असा तो एकच. एक डोळा गेलेला, एका पायाने अधू, एकदा भुतांनी पळवून नेलेला.

"गोमाजीला काढ की रे," अण्णांना राहवेना. "तो लंगडा धावणार नाही म्हणून ठेवलास? अजून वेळ आहे."

"तो थांबेल," यज्ञेश म्हणाला.

मिहीरने मान वर केली, काहीतरी बोलणार होता, आणि पुन्हा टेप उचलली. त्याच्या टोळीतल्या तिघांनी गोमाजीला घेरलं. पहिल्या फेरीत तो टिकला, दुसऱ्या फेरीतही. तिसऱ्या फेरीत मिहीरच्या भालेवाल्याने त्याला पाडलं. तोवर यज्ञेशची माणसं खजिन्यासकट पलीकडच्या गल्लीत पोचली होती. लढाई यज्ञेशने जिंकली होती.

पण पडलेला माणूस मेला की वाचला, हे लढाई संपल्यावर ठरतं. त्याच्या धन्याने एक फासा टाकायचा. एक पडला तर मृत्यू. दुसरं काहीही पडलं तर तो कसाबसा घरी येतो.

यज्ञेशने फासा टाकला. तो घरंगळत गेला आणि मखराच्या खांबाच्या पायथ्याशी, कापडाच्या चुणीवर थांबला. वर एक टिंब होतं.

मग मिहीर वाकला. "तिरका आहे. खांबाला टेकलाय. परत टाक."

"टेकलेला नाही," यज्ञेश म्हणाला. "पडलाय तसा पडलाय. एक आहे. मेला."

"अरे, दिसतोय तिरका! तुझाच माणूस आहे, वाचेल ना परत टाकलास तर."

"तू नको वाचवूस. मला तुझी मेहेरबानी नको."

"मेहेरबानी कसली? तिरका फासा धरायचा नाही, हा नियम आहे!"

"नियम तू सांगू नकोस मला. सेक्रेटरी तिकडे."

अण्णांनी चेतनाकडे पाहिलं आणि भुवया उंचावल्या. तेव्हा तिच्या ध्यानात आलं, हे दोघं एकमेकांशी बोलत होते. इतक्या महिन्यांत पहिल्यांदा, तिच्याशिवाय. आणि बोलत होते ते उफराटं. ज्याने मारलं त्याला मेलेला वाचवायचा होता, ज्याचा होता त्याला तो मेलेलाच हवा होता.

मग दोघंही एकदम तिच्याकडे वळले. "चेतना, तू बघ."

तिरक्या फाशाची त्यांच्यात परीक्षा ठरलेली होती. फाशावर दुसरा फासा ठेवायचा. राहिला तर खालचा सपाट, धरायचा. घसरला तर तिरका, परत टाकायचा. आणि ही परीक्षा नेहमी चेतनाच घेई, कारण तिचा हात स्थिर होता.

तिने दुसरा फासा चिमटीत धरला आणि वाकून पाहिलं. खालचा फासा किंचित कललेला होता. किंचितच. तिने मेणाच्या टोकावर दाताच्या टोप्या उभ्या केल्या होत्या. तिने ठरवलं तर हा फासा राहणार होता. तिने ठरवलं तर, नखाचा एवढासा धक्का, आणि तो घसरणार होता. कुणाला कळलंही नसतं. घसरू दिला तर गोमाजी बहुधा वाचेल. शोकसभा होणार नाही, मिहीरला यज्ञेशसमोर उभं राहून बोलावं लागणार नाही, कुणी उठून जाणार नाही. पुढच्या रविवारी चारही जण येतील आणि तिच्यातर्फे बोलतील. टेबल वाचेल. फक्त त्यावर जे चालेल ते सगळं तिने घासून गुळगुळीत केलेलं असेल.

चिमटीतला फासा तिने अण्णांपुढे धरला.

"अण्णा, तुम्ही ठेवा."

"मी? अगं, माझ्या हाताने चहा राहत नाही कपात."

"म्हणूनच. तुमच्या हाताला कुणाची बाजू घेता येणार नाही."

अण्णांनी तिच्याकडे रोखून पाहिलं. मग डाव्या हाताने उजवं मनगट धरलं. फासा त्यांच्या बोटांत थरथरत खाली आला, खालच्या फाशाला टकटक लागला, एकदा, पुन्हा एकदा. चेतनाने स्वतःचे हात पाठीमागे बांधून घेतले होते, ते पुढे जाऊ नयेत म्हणून. अण्णांनी बोटं सोडली.

वरचा फासा हलला, कलला, आणि राहिला.

"मेला," यज्ञेश म्हणाला. आता त्याच्या आवाजात जिंकल्याचं काही नव्हतं. त्याने गोमाजीला उचललं आणि कोपरावरचा गुलाबी ठिपका अंगठ्याने पुसला, जणू तो पुसला जाणार होता.

अण्णा उभे राहिले. चेतना उठली, यज्ञेशही उठला. मिहीर खुर्चीतच होता, आणि तो दाराकडे बघतोय असं चेतनाला वाटलं. तो उठून गेला तर सगळं संपणार होतं, आणि ती काहीही करणार नव्हती. तेवढं तिने ठरवलं होतं.

मिहीर उठला. चष्मा काढून पुसला, पुन्हा घातला.

"गोमाजी," तो म्हणाला आणि थांबला. "गोमाजी पुलावर उभा राहिला. मी तिन्ही बाजूंनी चढवली माणसं. मी असतो तर पूल सोडला असता. अजून मला वाटतं, सोडायला हवा होता. तो का थांबलाय हे मला कळतच नव्हतं. त्याने सांगितलं पण नाही. त्याला सांगता येत नाही, हे मला शाळेपासून माहीत आहे." त्याने गोमाजीकडे पाहिलं, यज्ञेशकडे नाही. "आता बघितलं तर त्याच्या मागची सगळी माणसं घरी पोचली. म्हणजे काहीतरी असेल त्याच्या डोक्यात. पूल सोड म्हणायचं असेल, तर ते त्याला बाजूला घेऊन म्हणायचं होतं. सगळ्यांसमोर नको होतं म्हणायला. लोकांनी टाळ्या वाजवल्या. मला त्या टाळ्या आवडल्या तेव्हा. एवढंच."

तो बसायला वाकला.

"दोन मिनिटं नाही झाली," यज्ञेश म्हणाला.

मिहीर अर्धवट वाकलेला तसाच राहिला. "मग उरलेली तू बोल."

"मारणाऱ्याने बोलायचं, असा नियम आहे."

"मला आणखी येत नाही रे."

यज्ञेशने थोडा विचार केला. "त्याचा हात तू नेला होतास दुरुस्तीला," तो म्हणाला. "ते राहिलं."

"हां. हात मी नेला होता. हा बाहेर उभा होता, लाजून."

"लाजून नाही. स्कूटर नो पार्किंगमध्ये होती."

अण्णांना हसू फुटलं, आणि शोकसभेत हसू नये म्हणून त्यांनी तोंडावर रुमाल धरला. मग उरलेला वेळ सगळे नुसते उभे राहिले. रस्त्यावरून भंगारवाला ओरडत गेला. शांतता संपल्यावर यज्ञेशने गोमाजीच्या कमरेची सुरी नखाने उचकटून काढली आणि टेबलावर मिहीरच्या बाजूला सरकवली.

"राहू दे," मिहीर म्हणाला.

"नियम आहे. घे."

मिहीरने घेतली. सहीबद्दल कुणी काही बोललं नाही. इमारत तिकडे टेकूवरच होती, कलम तसंच होतं, आणि उद्याही कदाचित दोघं जिन्यात एकमेकांना टाळून जाणार होते. आवरताना मात्र मिहीरने विचारलं, "टेप कुठे ठेवलीस?" आणि यज्ञेश म्हणाला, "खोक्यात." चेतनाने मधे तोंड घातलं नाही. ती ओला बोळा घेऊन फळ्यावरचा मिठाचा पूल पुसत होती.

अण्णा कुलूप लावताना म्हणाले, "गोमाजीला चौथरा जरा मोठा कर. जुना माणूस होता."

"करते."

घरी सोनूबाईने दार उघडलं. "आज कोन गेलं?"

"गोमाजी."

म्हातारी उंबऱ्यातच थांबली. त्या माणसाला तिने कधी पाहिलं नव्हतं, पण त्याचा डोळा गेला, पाय गेला, भुतांनी नेला, हे सगळं तिला ठाऊक होतं.

"हमाल तो? गुलाबी हाताचा?"

"हो."

"मारलं कोनी?"

"मिहीरने."

"आन् बोलला का तो काही?"

चेतनाने चपला काढल्या, पिशवी खुंटीला लावली.

"बोलला, आई," ती म्हणाली. "दोघंही बोलले."